साखरझोप आणि फजर

मराठीत पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणतात, आणि फजरच्या नमाजेची सगळी अडचण या एका शब्दात आली. झोपेचा सर्वांत गोड तुकडा जो, नेमकी त्यातच ही नमाज येते. सुन्नी परंपरेत फजरच्या बांगेत इतर चार वेळच्या बांगेत नसलेलं एक वाक्य मुद्दाम घातलेलं आहे: झोपेपेक्षा नमाज बरी, अशा अर्थाचं. तेही दोनदा म्हणायचं. माणसाला या वेळी उठणं जड जाणार हे धर्माने आधीच ओळखलं होतं, म्हणून तर हाक मारताना झोपेचं नाव घेतलं. रात्रीची इशा आणि पहाटेची फजर या दोन नमाजा मनापासून न मानणाऱ्याला सर्वांत जड वाटतात. त्यांत काय आहे हे कळलं तर लोक रांगतसुद्धा येतील, असं हदीसमध्ये येतं. तिथेही या दोघींची जोडी लावलेली आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण फजरला उठावं कसं हा प्रश्न आपण बहुतेक वेळा फक्त पहाटेला विचारतो. बयानात सांगतात, ईमान कमजोर झालं. घरात सांगतात, दोन गजर लाव. मित्र सांगतात, फोन लांब ठेव. यांतलं काहीच अगदी खोटं नाही. पण साडेबारा-एकला अंथरुणाला पाठ टेकवणाऱ्या माणसाला पाच वाजता ईमानाची परीक्षा द्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याची परीक्षा आदल्या संध्याकाळीच होऊन गेलेली असते.

इस्लामी कालगणनेत दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होतो. रात्र आधी, दिवस मागून. गुरुवारला उर्दूत जुमेरात म्हणतात ते यामुळेच. जुम्याची रात्र गुरुवारी सूर्य बुडताच लागते. या हिशेबाने झोप हा दिवसाचा शेवट नव्हेच, ती दिवसाच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक आहे. ज्याला फजर हवी त्याचा दिवस मगरिबला उजाडतो, असं म्हटलं तरी चालेल.

पैगंबरांच्या दिनक्रमाबद्दल जे कळतं तेही याच्याशी जुळतं. इशापूर्वी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं त्यांना आवडत नसे, असं अबू बर्झा अस्लमी सांगतात. बुखारीत ही नोंद आहे. दोन्ही बाजू नीट पाहाव्यात. इशाआधी झोपलं तर इशा हातची जाते, आणि इशानंतर जागत बसलं तर फजर जाते. पाहुणे, विद्या, घरच्या माणसांशी चार शब्द, याला पुढच्या विद्वानांनी सवलत दिली. पण मूळ कल भिंतीसारखा स्पष्ट आहे: इशा ही दिवसाच्या व्यवहाराची शेवटची पायरी, तिच्यानंतर दिवा मालवायचा.

झोपण्याआधीचे आदाब आपल्यापैकी अनेकांना लहानपणापासून पाठ असतात. अंथरूण झटकावं, वुजू करावं, उजव्या कुशीवर पडावं, आयतुल कुर्सी म्हणावी, तीन कुल म्हणून तळव्यांवर फुंकावं आणि तळवे अंगावरून फिरवावेत. मग तस्बीह-ए-फातिमी, तेहतीस, तेहतीस आणि चौतीस. हजरत फातिमांच्या हातांना जातं ओढून घट्टे पडले होते. त्या घरकामाला माणूस मागायला गेल्या, तेव्हा वडिलांनी, म्हणजे पैगंबरांनी, त्यांना ही तस्बीह दिली, तीही निजताना म्हणायला. दिवसभर राबलेल्या बाईला रात्री दिलेली ही गोष्ट आहे, हे मी फार उशिरा लक्षात घेतलं.

हे सगळं करायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ हात, ओठ आणि मन एकाच कामाला लागलेले असतात. फोन हातात घेऊन तळव्यांवर फुंकता येत नाही. झोपेचे डॉक्टर रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, मंद उजेडात काही शांत गोष्टी करायला सांगतात. तो क्रम आपल्या घरात आजीकडून आलेला असतोच, आपण फक्त तो गडबडीत उरकतो किंवा सोडून देतो.

दुसरं टोक तीन गाठींच्या हदीसचं. माणूस झोपला की सैतान त्याच्या मानेमागे तीन गाठी मारतो; जागं होऊन अल्लाहचं नाव घेतलं की पहिली सुटते, वुजू केलं की दुसरी, नमाज पढली की तिसरी. मग माणूस सकाळी हुशार असतो, नाहीतर आळसावलेला. यातला क्रम मला नेहमी पटत आला आहे. जाग आल्या क्षणी पूर्ण शुद्ध असण्याची अपेक्षा इथे नाही. गाठी एकेक करून सुटतात. झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू जड राहतो, निर्णय धड घेता येत नाही, हे विज्ञानालाही मान्य आहे. साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास ही गुंगी टिकते. गजर बंद करून ‘पाच मिनिटं’ म्हणणारे आपण त्या क्षणी खरे आपण नसतोच. म्हणून त्या क्षणावर काहीही सोपवू नये. वुजूचं पाणी, जानमाज, दिव्याचं बटण, सगळं रात्रीच ठरलेलं असावं.

आता वेळेकडे वळू, कारण इथे बराच गोंधळ आहे. फजरचा वक्त सुबह सादिकपासून सूर्योदयापर्यंत. तिच्याआधी सुबह काजिब येते, खोटी पहाट: पूर्वेला उभा, शेपटीसारखा फिकट उजेड, जो पुन्हा मावळतो. ग्रहांच्या कक्षांजवळच्या धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश असतो. खरी पहाट क्षितिजावर आडवी पसरते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की ती सुरू होते, असं आपल्याकडची बहुतेक वेळापत्रकं धरतात. जगात इतरत्र १५ पासून साडेएकोणीस अंशांपर्यंतचे हिशेब चालतात. आपल्या अक्षांशावर एका अंशाला ऋतूनुसार चार ते पाच मिनिटं लागतात, म्हणून दोन ॲप्स दोन वेळा दाखवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

१८ अंशांच्या हिशेबाने मुंबईत जूनच्या मध्यात सुबह सादिक पहाटे ४.४० च्या सुमारास होते आणि सूर्य सहाच्या आसपास उगवतो. जानेवारीच्या मध्यात हीच वेळ सहाला थोडी कमी असताना येते आणि सूर्योदय सव्वासातला. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे सगळं साधारण अर्धा तास अलीकडे. पण खरी मेख इशाची आहे. जूनमध्ये मुंबईत इशाचा वक्त पावणेनऊच्या सुमारास लागतो, जानेवारीत साडेसात-पावणेआठला. म्हणजे उन्हाळ्यात रात्र दोन्ही टोकांनी कुरतडली जाते. इशा ते फजर हे अंतर जूनमध्ये आठ तास, जानेवारीत सव्वादहा. घड्याळातली एकच वेळ ठरवून ‘मी रोज साडेअकराला झोपेन’ म्हणणारा माणूस जानेवारीत निभावतो आणि मे-जूनमध्ये कोसळतो, मग स्वतःच्या ईमानाला दोष देतो. दोष वेळापत्रकाचा असतो. निजण्याची वेळ इशाला बांधावी: जमात झाल्यावर तास-सव्वा तासाच्या आत अंथरूण. मग ऋतूबरोबर ती आपोआप सरकते.

इथे कोकणातल्या घरांचा वेगळा मामला आहे. कोकणी मुसलमान शाफई, आणि महाराष्ट्रातले बाकी बहुतेक सुन्नी हनफी. शाफई मत फजर अंधारातच, वक्त लागताच पढणं उत्तम मानतं. हनफी मत थोडं उजाडू द्यावं म्हणतं. म्हणून रत्नागिरीकडच्या गावात बांगेनंतर लगेच जमात उभी राहते, दुसऱ्या रकातीत कुनूतही होतो, आणि मुंबईतल्या हनफी मशिदीत जमात सूर्योदयाच्या अर्ध्या-पाऊण तास आधी. माझं बालपण पहिल्या प्रकारच्या गावात गेलं आणि संसार दुसऱ्या प्रकारच्या मोहल्ल्यात. दोन्हीकडे फजर तीच, पण उठण्याच्या वेळेत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. ज्याला पहाट फार जड जाते त्याने निदान आपल्या मशिदीची जमात किती वाजता आहे हे पाहून झोपेचे तास मोजावेत, ॲपमधल्या वक्ताच्या पहिल्या मिनिटावरून नव्हे.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर झोप दोन गोष्टींवर चालते, ही मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती अजून टिकून आहे. एक, जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब. मेंदूत ॲडेनोसिन साचतं, झोपेत ते निवळतं. दुसरं, शरीरातलं घड्याळ, जे मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने लावलं जातं. याच घड्याळाच्या पेशींतल्या यंत्रणेच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, उत्तररात्री स्वप्नांची झोप जास्त, आणि शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली. साखरझोप म्हणतात ती हीच. उशिरा झोपणाऱ्याचं सगळं पुढे सरकतं. त्याच्या शरीरात पाच वाजता मध्यरात्रच असते.

चहा ॲडेनोसिनची जागा अडवतो. कॅफिन निम्मं उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात. रात्री साडेनऊला घेतलेल्या चहाचा अर्धा अंश अडीच वाजता अंगात असतो. इशानंतरचा कटिंग ज्यांना सुटत नाही त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. उजेडाचंही तसंच. रात्रीचा पांढरा ट्यूबलाइट आणि नाकासमोरचा पडदा घड्याळ पुढे ढकलतात. पहाटेचा उजेड ते मागे ओढतो. म्हणजे फजरनंतर गच्चीवर किंवा रस्त्यावर वीस मिनिटं चालणारा माणूस त्या दिवशीच पुढच्या रात्रीची झोप लवकर आणत असतो. ही सवय आठवडाभरात लागत नाही, आणि रविवारी दहापर्यंत लोळलं की ती पुन्हा सैल होते.

एक मात्र बोललं पाहिजे. वुजूने अमुक संप्रेरक वाढतं, सजद्याने मेंदूला इतकं रक्त जातं, असे संदेश फोनवर रोज फिरतात. त्यांतल्या बहुतेकांना आधार नसतो. फजर ही फर्ज आहे म्हणून पढायची. तिला प्रयोगशाळेचा दाखला जोडला की ती मोठी होत नाही, आणि उद्या तो दाखला खोटा ठरला तर पोरांच्या मनात नमाजच खोटी ठरते. विज्ञान उठायला मदत करतं, तेवढ्यापुरतं घ्यावं.

फजरनंतर पुन्हा झोपावं का, यावर जुनी चर्चा आहे. चौदाव्या शतकातले इब्न कय्यिम फजर ते सूर्योदय झोपण्याच्या विरोधात होते, आणि सकाळच्या वेळेत बरकत मागणारी पैगंबरांची दुआही प्रसिद्ध आहे. ती सांगणारे सखर गामिदी व्यापारी होते आणि माल सकाळीच रवाना करत. पण ही झोप हराम कुणी म्हटलेली नाही. रियाधच्या किंग सऊद विद्यापीठात अहमद बाहम्माम यांनी सहकाऱ्यांसह फजरमुळे दोन तुकड्यांत होणाऱ्या झोपेचा अभ्यास केला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण तास तेवढेच ठेवले तर सलग झोप आणि तुटलेली झोप यांत दिवसाच्या पेंगेच्या बाबतीत विशेष फरक आढळला नाही. अभ्यास अगदी मोजक्या निरोगी पुरुषांवरचा आहे, त्यावर फार इमारत उभारू नये. तरी ज्यांना वाटतं की झोप एकदा मोडली की दिवस गेला, त्यांना तो धीर देतो.

माझ्या मते त्याहून चांगली वाट कैलूलाची, म्हणजे दुपारच्या डुलकीची. जुम्याच्या दिवशी आम्ही नमाजेनंतरच जेवायचो आणि मग आडवं व्हायचो, असं सहल बिन सअद सांगतात. मराठीत दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतात, डाव्या कुशीवरची. सुन्नत झोप उजव्या कुशीवरची. कूस कुठलीही असो, दुपारी वीस-पंचवीस मिनिटं डोळा लागला तर पहाटेची कसर भरून निघते. तासाभराच्या वर गेली किंवा चार-पाच वाजता घेतली तर तीच रात्रीची वैरीण होते. कचेरीत काम करणाऱ्यांना आडवं होता येत नाही हे खरं, पण खुर्चीत डोळे मिटून बसलेली पंधरा मिनिटंही कामी येतात.

शहरातल्या मोहल्ल्यांबद्दल मला काळजी वाटते. रात्री अकराला दुकानं गजबजलेली, बाराला नाक्यावर मुलं, साडेबाराला जेवणं. लग्नाच्या पंगती त्याहून पुढे. बांग ऐकून जाग यावी अशी जुनी सोयही आता राहिली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते ठामपणे उचलून धरले. मुंबईत फजरचा वक्त वर्षभर सहाच्या आतच लागतो. शेजारी आजारी असतो, परीक्षेचं पोर असतं, त्याची झोप मोडून आपली नमाज वाढत नाही, असंच मला वाटतं. काही मशिदींनी २०२५ मध्ये बांग थेट फोनवर ऐकवणारं ॲप घेतलं. सोय चांगली. पण मग फोन उशाशी आला. झोप पळवणारा आणि झोपेतून उठवणारा एकच झाला, आणि आज या प्रश्नाची सर्वांत अवघड गाठ हीच आहे. साधं गजराचं घड्याळ दीड-दोनशे रुपयांना मिळतं. त्यात व्हिडिओ दिसत नाहीत.

यापुढचं मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण बयानात ते क्वचित ऐकू येतं. घराला फजरला कोण उठवतं? बहुतेक घरांत आई. आणि रात्री सगळ्यांत शेवटी कोण पडतं? तीच. मुलगा अकराला जेवतो, नवरा साडेअकराला, मग भांडी, मग कट्टा पुसणं, मग सकाळच्या डब्याची भाजी निवडणं. बाराला तिची इशा उरकते. पाचला तिने उठून सगळ्यांना हाका मारायच्या, आणि कुणी न उठलं तर तोही तिचाच कमीपणा. जो माणूस रात्री उठून नमाज पढतो आणि बायकोला उठवतो, ती न उठली तर तोंडावर पाण्याचे थेंब शिंपडतो, त्याच्यावर अल्लाहची रहम असो, असं हदीसमध्ये आहे. आणि लगेच पुढे बायकोने नवऱ्याला उठवण्याबद्दल तेच शब्द आहेत. दोघांनी एकमेकांना उठवायचं आहे. आमच्या गावी आजी इशा झाली की चूल विझवायची. त्यानंतर कुणी आलं तर भाकरी झाकलेली असे, वाढायला कुणी उठत नसे. तेव्हा मला ती कडक वाटायची. घराची फजर तिने चुलीपासून सांभाळली होती. झोपेची शिस्त घराला लावायची तर आधी स्वयंपाकघर वेळेत बंद झालं पाहिजे, आणि ते एका बाईने एकटीने बंद करून चालत नाही.

पोरांचं निराळं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, पंधरा-सोळाच्या मुलाला दहाला झोप येत नाही यात नेहमीच उर्मटपणा नसतो. त्याला आठ ते दहा तास लागतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं ते लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच. किशोरांना उठवताना अंगावरचं पांघरूण ओढून काढण्यापेक्षा खोलीत दिवा लावावा, खिडकी उघडावी, दहा मिनिटं द्यावीत.

आणि जे उठूच शकले नाहीत त्यांचं काय? इथे आपली परंपरा आपल्यापेक्षा मायाळू आहे. खैबरहून परतताना काफिला रात्री उशिरा थांबला. पहारा द्यायचं काम बिलालांकडे. ते उंटाला टेकून पूर्वेकडे तोंड करून बसले आणि त्यांचाच डोळा लागला. सगळ्यांना जाग आली ती उन्हाच्या चटक्याने, स्वतः पैगंबरांनाही. बिलालांना शिक्षा झाली नाही. काफिला थोडा पुढे सरकला, बांग झाली, नमाज झाली. जो झोपला किंवा विसरला त्याने आठवताच पढावी, हा नियम तिथून आला. जगाला बांग ज्यांच्या आवाजाने ऐकवली त्या माणसाची फजर चुकल्याची ही गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट सफवान बिन मुअत्तल यांची, अबू दाऊदमध्ये येते. त्यांच्या बायकोने तक्रार केली की हे सूर्य उगवल्यावरच फजर पढतात. सफवान म्हणाले, आमच्या घराण्याचं हे सर्वांना ठाऊक आहे, आम्हाला सूर्य उगवेपर्यंत जागच येत नाही. उत्तर मिळालं, जाग आली की पढत जा. काही माणसांचं घड्याळ जन्मतःच उशिराचं असतं हे आज संशोधक सांगतात. ही सवलत रात्री दोनपर्यंत मालिका पाहणाऱ्याने खिशात घालू नये. पण रात्रपाळी करणारी नर्स, पहारेकरी, तान्ह्या बाळाची आई, यांना फजर चुकली म्हणून टोचून बोलणाऱ्याने ती आधी वाचावी.

कोकणातली आमची माणसं केपटाऊनपासून लंडनपर्यंत पसरली आहेत. लंडनमध्ये मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य १८ अंश खाली जातच नाही, पूर्ण रात्र होतच नाही. २१ जूनला सूर्योदय पावणेपाचच्या आत. तिथे इशा आणि फजर यांमध्ये जेमतेम एक डुलकी मावते, आणि उलेमांना रात्रीचे भाग पाडून किंवा जवळच्या अक्षांशाचा आधार घेऊन वेळा ठरवाव्या लागल्या आहेत. तिथून फोनवर नणंद विचारते, तुमच्याकडे जून आहे म्हणून तक्रार करता? तिला उत्तर देता येत नाही.

रमजानात मात्र हीच सगळी माणसं सहरीला उठतात, फजरच्याही आधी. वर्षभर ज्यांना जाग येत नाही तेही. कारण तेव्हा घर उठतं, जिना उठतो, गल्ली उठते. शेजारणीच्या तव्याचा आवाज येतो. एकट्याचा निर्धार तिथे लागतच नाही. ईदच्या तिसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा झोपते आणि निर्धार उघडा पडतो.

गेल्या शव्वालपासून, म्हणजे ईदच्या महिन्यापासून, आमच्या घरी सहरीतल्या दोन-तीन गोष्टी तशाच ठेवल्या आहेत. नऊला ताटं, साडेनऊला भांडी, आणि ती धाकटा घासतो. सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर. गजराचं घड्याळ तिथेच, म्हणजे बंद करायला उठून यावं लागतं, आणि येणाऱ्याने आल्यासारखं गिझर लावायचा. तो कोण असेल हे रोज ठरलेलं नसतं. परवा सासरे होते.